नवे हीटर प्लग, नवी बॅटरी, तरी थंडीत गाडी उठेना: ग्लो प्लगच्या व्होल्टेजचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी मालवाहू, इंजिन चार सिलिंडरचं, जुन्या धाटणीचं डिझेल. इंजेक्शन पंप यांत्रिक, ज्वलन प्री-चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कप्प्यात सुरू होणारं. प्रत्येक सिलिंडरला एक असे चार ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिनात हा कप्पा तापवणारे विजेचे प्लग, ज्यांना गॅरेजमध्ये सगळे हीटर प्लगच म्हणतात. चारही प्लग एका धातूच्या पट्टीने समांतर जोडलेले. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली जाड वायर फ्यूज-लिंकमधून रिलेकडे (मोठा करंट चालू-बंद करणारा, विजेवर चालणारा स्विच) जाते, रिलेतून पट्टीवर येते, पट्टीतून करंट प्लगमध्ये आणि प्लगच्या अंगातून सिलिंडर हेडमध्ये उतरतो. परतीचा रस्ता म्हणजे हेड, ब्लॉक, गिअरबॉक्सचं हाउसिंग आणि त्यावर बोल्टने आवळलेली बॅटरीची निगेटिव्ह केबल. हा परतीचा रस्ता इथे मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण निम्मं प्रकरण तिथेच दडलेलं होतं.

प्री-चेंबरच्या इंजिनाला थंडीत हीटर प्लगची गरज थेट इंजेक्शनच्या इंजिनापेक्षा जास्त लागते. चेंबरच्या भिंतींचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे हवा दाबली जाऊन जी उष्णता तयार होते त्यातली बरीचशी थंड धातूच खाऊन टाकतो. प्लगचं टोक लालबुंद नसेल तर डिझेलचा फवारा पेटत नाही, नुसता धूर होऊन बाहेर पडतो.

या गाडीचे प्लग धातूच्या आवरणाचे, ११ व्होल्टचे. अशा प्लगच्या आत दोन वेटोळी असतात, एक तापणारं आणि एक आवर घालणारं. दुसऱ्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. त्यामुळे किल्ली फिरवताच एकेक प्लग २० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि काही सेकंदांत तो आपोआप १० अँपिअरवर येतो. चार प्लग मिळून सुरुवातीचा भार ७०-८० अँपिअरच्या घरात जातो. स्टार्टर सोडला तर गाडीत एवढा करंट दुसरं काहीच ओढत नाही, पण बहुतेक ठिकाणी या सर्किटची तपासणी डॅशबोर्डच्या दिव्याची असावी तशी होते.

तक्रार

मालक स्वतःच गाडी चालवतात आणि उजाडायच्या आत निघतात. त्यांचं पहिलं वाक्य असं: "हीटर नवे, बॅटरी नवी, तरी सकाळी गाडी उठत नाही, मिस्त्री. आणि सेल पण जडच मारते."

सकाळी बराच वेळ सेल मारावा, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवत राहावं लागायचं. मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर यायचा. इंजिन एकदा धरलं की पहिली काही मिनिटं मिसिंग, गाडीभर थरथर, मग सगळं सुरळीत. दिवसभरात गरम इंजिन किल्ली फिरवताच चालू. पिकअप ठीक, डिझेलचा खप नेहमीसारखा. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा वेळेवर लागायचा आणि वेळेवर विझायचा.

विचारल्यावर आणखी एक गोष्ट कळली. थंडी सुरू व्हायच्या काही महिने आधी क्लच प्लेट बदलली होती, म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवला होता. तेव्हा हवा गरम होती. हीटर पूर्ण तापले काय, अर्धवट तापले काय, इंजिन चालू होत होतं. त्यामुळे क्लचचं काम आणि थंडीतली तक्रार यांची सांगड घालायचं कोणाच्या मनात आलं नाही.

आमच्याकडे येण्याआधी काय झालं होतं

आधीच्या गॅरेजमध्ये पट्टीवर येणारी वायर काढून तिच्या टोकाला मीटर लावलं गेलं होतं. किल्ली फिरवल्यावर १२.४ व्होल्ट दिसले. निष्कर्ष: वायरिंग ठीक, रिले ठीक, म्हणजे प्लग गेले. चारही प्लग बदलले. फरक पडला नाही. मग सेल जड मारते म्हणून बॅटरी बदलली. काही दिवस किंचित बरं वाटलं आणि थंडी वाढल्यावर पुन्हा तेच. त्यानंतरचा सल्ला होता डिझेलचा फवारा मारणारे नोझल खोलून तपासण्याचा आणि जमल्यास पंपही उतरवण्याचा. तिथे मालक थांबले.

त्या १२.४ व्होल्टबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण हे माप खोटं नव्हतं. ते फक्त निरुपयोगी होतं. साधारण डिजिटल मल्टीमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो. वायर सुटी असताना त्या रस्त्याने फक्त मीटरपुरता करंट वाहतो, एका मायक्रोअँपिअरच्या थोडा वर. मध्ये एखादा जोड १००० ओहमइतका सडलेला असला, तरी मीटरवर १२.४ मधून साधारण व्होल्टचा हजारावा भाग कमी दिसेल. प्रत्यक्षात ३०-४० अँपिअर वाहायला लागले की तिथे हजार ओहम कशाला, ओहमचा दहावा भागसुद्धा तीन-चार व्होल्ट गिळून बसतो. ही चूक कोणा एका गॅरेजची नाही, सर्रास होते, आणि तिच्यापायी चांगले प्लग कचऱ्यात जातात.

ओहममध्ये प्लग मोजण्याचंही तेच. थंड प्लगचा रोध एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी. साध्या मीटरच्या लीडचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. त्यामुळे ओहममीटरवर तुटलेला प्लग कळतो, अशक्त प्लग कळत नाही.

समोर असलेले मार्ग

नोझल आणि कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा) संशय पूर्ण बाजूला टाकता येत नव्हता. कॉम्प्रेशन थोडं उतरलेलं इंजिनही थंड असताना पांढरा धूर देतं आणि गरम झाल्यावर गुणी बाळासारखं चालतं. पण नोझल उतरवायचे म्हणजे पाइप सोडणं, वॉशर बदलणं, पुन्हा हवा काढणं. कॉम्प्रेशन मोजायला प्लग किंवा नोझल काढणं आलंच. एवढी उलथापालथ करण्याआधी प्लगना पूर्ण व्होल्टेज मिळतं का हे पाहायला फक्त मीटर आणि थोडा वेळ लागतो. काही न खोलता जे तपासता येतं ते आधी तपासायचं, म्हणून क्रम ठरला: आधी वीज, मग कॉम्प्रेशन, मग नोझल.

दुसरा मार्ग मालकांनी कुठूनसा ऐकलेला होता. बॅटरीवरून थेट वायर आणून डॅशबोर्डवर पुश बटण बसवायचं. हा जुगाड बऱ्याच जुन्या गाड्यांवर दिसतो आणि काही काळ चालतोही. आम्ही नकार दिला. बटण किती वेळ दाबून ठेवायचं हे चालवणाऱ्याच्या अंदाजावर राहतं, प्लग गरजेपेक्षा जास्त वेळ तापत राहतात, आणि बहुतेक वेळा त्या वायरमध्ये फ्यूज नसतोच. शिवाय मूळ दोष तसाच राहतो. परतीच्या रस्त्यात खोट असेल तर बटण लावूनही ती खोट जात नाही.

तिसरी सूचना स्टार्टिंग स्प्रेची होती. हीटर प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारणं धोक्याचं आहे. तापलेल्या टोकाशी तो वेळेआधी पेटतो, पिस्टन-रिंगला दणका बसतो, कधी आग इनटेकमध्ये उलटी येते. मालकांना हे स्पष्ट सांगितलं.

पहिला निर्णय: थंड इंजिन वाया घालवायचं नाही

अशा तक्रारीत एक अडचण असते. इंजिन दिवसातून एकदाच खरं थंड असतं. एकदा ते चालू झालं की प्लग किती वेळ तापवायचे हे ठरवणारा टायमर ती वेळ बदलतो, प्लगभोवतीचा धातू गरम होतो, सकाळची लक्षणं गायब होतात. म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि कोणती मापं कोणत्या क्रमाने घ्यायची हे आधीच लिहून ठेवलं. पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवली, म्हणजे सेल मारला तरी इंजिन पेटणार नाही आणि मापं पुन्हा घेता येतील. प्रत्येक माप किल्ली फिरवल्यापासून आठव्या सेकंदाला घ्यायचं ठरवलं. प्लगचा करंट सेकंदागणिक उतरत असतो, त्यामुळे एक माप दुसऱ्या सेकंदाचं आणि दुसरं पंधराव्याचं घेतलं तर दोन्हींची तुलना होत नाही. दोन मापांच्या मध्ये प्लग थंड होऊ दिले.

प्लगवर छापलेला आकडाही सगळ्यात आधी पाहिला. ११ व्होल्टची खात्री झाल्यावरच पुढे गेलो. ते का, हे शेवटी येईल.

मोजमाप

सगळं जोडलेल्या अवस्थेत, रिले चालू, प्लग तापत असताना:

- बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर: १२.० व्होल्ट
- पट्टी आणि सिलिंडर हेड यांच्या मध्ये: ८.६ व्होल्ट
- पट्टीच्या वायरवर क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा): ३४ अँपिअर

म्हणजे बॅटरीकडून निघालेले ३.४ व्होल्ट वाटेत हरवत होते. चारही प्लग मिळून २९२ वॅट उष्णता तयार होत होती. अशा चार प्लगनी ११ व्होल्टच्या पुढे मिळून साडेचारशे वॅटच्या आसपास द्यायला हवेत.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. साध्या मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून एकटा प्लगसुद्धा मोजू नये, सुरुवातीच्या झटक्यातच त्याचा फ्यूज उडतो.

आता ३.४ व्होल्ट कुठे गेले ते शोधायचं. करंट वाहत असताना मीटरची एक लीड रस्त्याच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला. दोन्ही लीड एकाच वायरच्या दोन बाजूंना असल्या की मीटर दाखवतं ते त्या तुकड्याने खाल्लेलं व्होल्टेज. बॅटरी पॉझिटिव्हपासून रिलेच्या ३० नंबर टर्मिनलपर्यंत (जिथे करंट आत येतो), फ्यूज-लिंक धरून, ०.३ व्होल्ट. रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या (जिथून करंट बाहेर पडतो) मध्ये १.० व्होल्ट. ८७ पासून पट्टीवरच्या लगपर्यंत, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीपर्यंत, १.६ व्होल्ट. पट्टी आणि तिचे नट ०.१. हेडपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत ०.४. बेरीज ३.४, म्हणजे वाटेतला कुठला तुकडा मोजायचा राहिलेला नाही. अशी बेरीज जुळेपर्यंत मी शोध संपला असं मानत नाही.

रिलेचे बंद कॉन्टॅक्ट ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त खाता कामा नयेत. इथे १.० म्हणजे ३४ वॅट उष्णता रिलेच्या डबीत. बोट लावलं तर ते टिकत नव्हतं. रिलेच्या कॉइलला ११.७ व्होल्ट मिळत होते, म्हणजे टायमर आपलं काम करत होता. डॅशबोर्डचा दिवा खरं बोलत होता, पण तो टायमरबद्दल बोलत होता, प्लगबद्दल नाही.

१.६ व्होल्ट खाणारी वायर बाहेरून बरी दिसत होती. पट्टीकडच्या लगवर काळी टेप गुंडाळलेली होती. टेप सोडली तशी तिच्याबरोबर वायरचं आवरणही खपल्यांनी निघालं, उष्णतेने कडक होऊन तपकिरी पडलेलं. आत लगच्या तोंडाशी हिरवी भुकटी आणि काळ्या पडलेल्या तारा. त्यातल्या निम्म्याहून कमी लगमध्ये धरलेल्या, बाकीच्या नुसत्या टेकलेल्या. वायर हलवली की मीटरचा आकडा नाचायचा.

प्लगही सुटे तपासले. ते न काढता. जुन्या हेडमधून प्लग काढताना तो अर्ध्यात तुटला तर हेड उतरवायची पाळी येते, आणि करंट मोजायला प्लग बाहेर यायची गरज नसते. पट्टी काढली आणि जाड वायरने एकेका प्लगला थेट बॅटरीचा पुरवठा देऊन क्लॅम्प लावला. चारही प्लग आठव्या सेकंदाला एकमेकांच्या अर्ध्या अँपिअरच्या आत. प्लग निर्दोष.

दुसरा निर्णय: इथे थांबायचं का?

रिले आणि वायर, दोन्ही सापडले होते. दोन्ही बदलले तर २.६ व्होल्टपैकी जवळजवळ सगळे परत मिळणार होते. अर्थिंगचे, म्हणजे परतीच्या रस्त्याचे, ०.४ व्होल्ट त्यापुढे किरकोळ वाटतात. बरेच जण इथेच हत्यारं धुतात.

पण मालकांच्या पहिल्या वाक्यातला "सेल पण जडच मारते" हा भाग अजून सुटलेला नव्हता. रिले आणि पट्टीची वायर यांचा स्टार्टरशी काही संबंध नाही. बॅटरी नवी होती. म्हणजे स्टार्टर आणि हीटर या दोघांच्या वाटेत समान असलेलं काहीतरी शिल्लक होतं, आणि समान म्हणजे परतीचा रस्ता. म्हणून स्टॉप सोलेनॉइड काढलेला असतानाच सेल मारून मापं घेतली.

सेल चालू असताना बॅटरीवर ९.९ व्होल्ट. हेड आणि बॅटरी निगेटिव्हच्या मध्ये २.२ व्होल्ट. पट्टी आणि हेडच्या मध्ये फक्त ५.७ व्होल्ट.

हे माप समोर आलं आणि चित्र बदललं. अर्थिंगच्या जोडाचा रोध १२ मिलिओहमच्या आसपास होता. हीटरचे ३४ अँपिअर त्यातून जाताना तो ०.४ व्होल्ट खातो आणि कोणाच्या नजरेत येत नाही. स्टार्टर आला की त्याच जोडातून एकत्र १८० अँपिअरच्या वर जातात आणि तोच जोड दोन व्होल्टच्या पुढे खातो. इंजिन फिरायला लागतं, फवारा सुरू होतो, थंड हवा आत खेचली जाते आणि प्लगची सर्वात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच प्लगचं व्होल्टेज निम्म्यावर येत होतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. व्होल्टेज निम्मं, तर उष्णता जेमतेम पाव.

खात्रीसाठी एक प्रयोग केला. सोलेनॉइड जोडला, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून पट्टीवर जाड जंपर केबल लावून प्लग तापवले आणि सेल मारला. इंजिन पूर्वीपेक्षा लवकर धरलं, पण दोन सिलिंडर मागे राहिले आणि पांढरा धूर होताच. पुरवठ्याची बाजू पूर्ण सुधारली तरी अर्थिंगमुळे सुरुवात अर्धवटच होते, हे डोळ्यांना दिसलं. फक्त रिले आणि वायर बदलून गाडी दिली असती तर मालक "आधीपेक्षा बरी आहे" म्हणत गेले असते आणि कडाक्याच्या थंडीत परत आले असते.

गाडी लिफ्टवर घेतली. गिअरबॉक्सच्या हाउसिंगवर निगेटिव्ह केबलचा लग बोटाने ढकलला तर किंचित सरकत होता. बोल्ट आवळलेला होता, पण लगखाली रंगाचा थर आणि वाळलेला चिखल. क्लचच्या कामात केबल सोडली गेली आणि परत लावताना जागा घासली गेली नव्हती. मेटलचा मेटलला स्पर्श फक्त बोल्टच्या आट्यांतून होत होता.

केलेलं काम

अर्थिंगची जागा उघड्या धातूपर्यंत घासली, केबलला नवा लग क्रिम्प केला, म्हणजे पकडीने दाबून बसवला, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला. ग्रीस वरून लावलं, जोड आवळून झाल्यावर. आधी लावलेलं ग्रीस कधी कधी स्पर्शाच्या मध्येच बसतं.

रिलेतून पट्टीकडे जाणारी वायर कापून पुढे आणायचा विचार होता. पण आवरण सोलत गेलो तशा तारा काळ्याच निघत गेल्या. म्हणून पूर्ण लांबीची नवी वायर टाकली, जाडी मूळ वायरपेक्षा कमी होणार नाही हे पाहून. लग सोल्डर न करता योग्य पकडीने क्रिम्प केला. हेडजवळच्या उष्णतेत आणि थरथरीत सोल्डर केलेला जोड सोल्डर संपतो तिथे कडक होऊन तुटतो. वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली.

रिले त्याच क्षमतेचा नवा. जुना उघडून पाहिला तर कॉन्टॅक्टच्या टिकल्या जळून खड्डे पडलेले. त्याचं कारण वय असेल किंवा सैल लगमुळे वारंवार तुटणारा करंट असेल, दोन्ही शक्य आहे. पट्टी घासून घेतली, प्लगच्या टोकावरचे छोटे नट हलक्या हाताने आवळले. एम४ मापाचे हे नट जोराने आवळले की प्लगच्या आतला मध्यदांडा फिरतो आणि चांगला प्लग निकामी होतो.

नोझल, पंप, कॉम्प्रेशन यांना हात लावला नाही.

परिणाम

दुरुस्तीनंतर त्याच पद्धतीने, आठव्या सेकंदाला: बॅटरीवर ११.९ व्होल्ट, पट्टी आणि हेडच्या मध्ये ११.३ व्होल्ट, करंट ४१ अँपिअर. चार प्लग मिळून ४६३ वॅट, आधी २९२ होते. बॅटरीवरचं व्होल्टेज आधीपेक्षा थोडं कमी दिसतं ते बरोबर आहे, कारण आता तिच्याकडून खरोखर जास्त करंट घेतला जातोय. सेल मारताना बॅटरीवर १०.४, अर्थिंगचा ऱ्हास ०.२ आणि पट्टीवर ९.६ व्होल्ट.

पुन्हा रात्रभर ठेवून सकाळी सेल मारला. इंजिन लगेच धरलं, पांढऱ्या धुराचा एक लोट आला आणि थांबला. सेलचा आवाजच वेगळा होता, भरभर फिरणारा. कडाक्याची थंडी पडल्यावर मालकांना मुद्दाम बोलावून मापं परत घेतली. आकडे तेच होते. या निकालावरून कॉम्प्रेशनचा संशयही मावळला.

मालकांनी आधीचे जुने चार प्लग टाकून न देता डिकीत ठेवले होते. ते बाकावर पकडून तपासले. तीन व्यवस्थित लाल होत होते आणि करंटही योग्य घेत होते. एक कमकुवत होता. म्हणजे पहिल्या गॅरेजचा प्लगवरचा संशय एका प्लगपुरता खरा ठरला, आणि बदललेल्या चारपैकी तीन प्लग विनाकारण गेले.

काय वेगळं करता आलं असतं

क्लचच्या कामानंतर गाडी परत देताना सेल मारून हेड ते बॅटरी निगेटिव्ह एकदा मोजलं असतं तर हे प्रकरण तिथेच संपलं असतं. सेल मारताना तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर जोड परत उघडायला हवा. गिअरबॉक्स उतरवलेल्या प्रत्येक गाडीवर हे माप घ्यायची पद्धत आम्ही त्यानंतर सुरू केली.

आमच्या क्रमातही एक बदल झाला. सेल चालू असतानाचं माप आम्ही दुसऱ्या टप्प्यात घेतलं. जड सेलची तक्रार हीटरच्या तक्रारीबरोबरच आली असेल तर हे माप पहिल्या फेरीत घ्यावं, रिलेकडे बघायच्याही आधी. दोन बिघाडांना जोडणारी गोष्ट त्यातूनच लवकर दिसते.

मीटरची काळी लीड कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. सवयीने ती बॅटरीच्या निगेटिव्हवर जाते. या गाडीत तसं केलं असतं तर सेल मारताना पट्टीवर ५.७ ऐवजी ७.९ व्होल्ट दिसले असते आणि अर्थिंगचा दोष पूर्ण झाकला गेला असता. प्लगला मिळणारं व्होल्टेज मोजायचं असेल तर काळी लीड हेडवरच हवी, तीसुद्धा स्वच्छ जागी, रंगावर किंवा तेलकट बोल्टवर नको.

आता ११ व्होल्टच्या छाप्याचं. नव्या इंजिनांमध्ये ५ व्होल्टच्या आसपासचे, काही त्याहूनही कमी व्होल्टेजचे प्लग असतात. सुरुवातीला त्यांना क्षणभर बॅटरीचं जवळपास पूर्ण व्होल्टेज देऊन दोन-एक सेकंदांत १००० अंश सेल्सिअसपर्यंत नेलं जातं आणि मग कंट्रोल युनिट पुरवठा तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे पीडब्ल्यूएमने देतं. अशा प्लगला आम्ही केला तसा जंपरचा प्रयोग केला तर तो काही सेकंदांत जळतो. सिरॅमिक प्लग असेल तर टोक तुटून सिलिंडरमध्ये पडू शकतं. तिथे साधं मीटरही फसवतं. १२ व्होल्टचा पुरवठा सुमारे १७ टक्के वेळ चालू ठेवला की प्लगला ५ व्होल्टइतकी उष्णता मिळते, पण सरासरी दाखवणाऱ्या मीटरवर जेमतेम २ व्होल्ट दिसतात. ते २ व्होल्ट पाहून वायरिंग उसवू नये. आधी स्कॅनरवर पी०६७० ते पी०६७४ पैकी बिघाडाचा कोणता कोड आहे ते बघावं. पी०६७० कंट्रोल युनिटच्या सर्किटचा, पी०६७१ ते पी०६७४ अनुक्रमे एक ते चार सिलिंडरच्या प्लगच्या सर्किटचे. त्यानंतर क्लॅम्प मीटरने प्रत्येक वायरचा करंट, जमलं तर ऑसिलोस्कोपवर लहर, आणि परतीच्या रस्त्याचं माप मात्र जुन्या गाडीसारखंच, सेल मारताना, हेडपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत.